भाजलेल्या भाज्यांचे रंगीत सॅलड : पाण्याचा हिशेब सांभाळून

कोशिंबिरीत मीठ शेवटी, पाने मांडल्यावर घालायचे, हे आपल्या घरांत वेगळे शिकवावे लागत नाही. मीठ आधी घातले की काकडीला पाणी सुटते, दाण्याचे कूट भिजते आणि वाटीच्या तळाशी पांढुरके पाणी साचते, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. भाजलेल्या भाज्या, चीज, फळे आणि सुकामेवा एकत्र करून जे रंगीत सॅलड आता कोल्हापुरातल्या घरांतही होऊ लागले आहे, त्याचे मर्मही या पाण्यातच आहे. भाज्यांतले पाणी उडवायचे, फळांतले पाणी फळांतच राहू द्यायचे आणि पनीरमधले पाणी निथळून टाकायचे. या तीन गोष्टी जमल्या तर साध्या लाल भोपळ्याचेही सॅलड देखणे आणि चविष्ट होते. त्या जमल्या नाहीत तर महागातले चीज आणि अक्रोड घालूनही ताटात ओला लगदाच येतो.

पहिल्यांदा हे सॅलड केले तेव्हा बीट, गाजर, भोपळा, ढोबळी मिरची आणि कांदा अशा सगळ्या भाज्या मी एकाच ट्रेमध्ये एकमेकांवर रचून ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. अर्ध्या तासाने ट्रे बाहेर काढला तेव्हा भोपळा बीटाच्या रंगाने गुलाबी झाला होता, मिरच्या वाफेवर शिजल्यासारख्या मऊ पडल्या होत्या आणि बीट मात्र आतून कच्चेच राहिले होते. पाहुणे दारात होते, त्यामुळे तेच वाढावे लागले. त्यानंतर प्रत्येक भाजी वेगळी भाजून, वेळ लिहून ठेवून जी रीत बसली, ती इथे सविस्तर देत आहे. हे प्रमाण चार जणांना जेवणाऐवजी पोटभर होते, आणि भाकरी किंवा पोळीबरोबर वाढायचे असेल तर सहा-सात जणांना पुरते.

भाज्यांची निवड

मध्यम आकाराची दोन बिटे (२५० ग्रॅम), गाजरे २५० ग्रॅम, लाल भोपळ्याची ३०० ग्रॅमची फोड, २०० ग्रॅम रताळी, एक लाल आणि एक पिवळी ढोबळी मिरची आणि दोन लहान कांदे घ्यावेत. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात यातले सगळे एका फेरीत मिळते. बीट घेताना पाला असलेली लहान जुडी मिळाली तर तीच घ्यावी, कारण पाला टवटवीत असला म्हणजे बीट ताजे आहे हे वेगळे तपासावे लागत नाही. मोठ्या बिटाच्या मधल्या भागात बऱ्याचदा दोरे निघतात. भोपळा कापून ठेवलेला असेल तर त्याच्या गराकडे पाहावे. गर गडद केशरी, घट्ट आणि कोरडा दिसला पाहिजे. गराला ओलसर चकाकी असेल आणि बिया निसरड्या झाल्या असतील तर तो भोपळा भाजीला चालेल, भाजायला नको.

गाजरे दोन तऱ्हेची येतात. वर्षभर मिळणारे केशरी गाजर भाजल्यावर आकार धरून राहते. थंडीत येणारे लांब लाल गाजर अधिक रसाळ असते, म्हणून त्याला पाच-सात मिनिटे जास्त द्यावी लागतात, पण त्याचा रंग ताटात फार खुलतो. रताळी महाशिवरात्रीच्या आणि आषाढी एकादशीच्या सुमारास मुबलक येतात. इतर वेळी ती मिळाली नाहीत तर भोपळ्याचे प्रमाण वाढवावे.

सॅलडला तळाशी थोडा हिरवा पाला लागतो. लेट्यूस मिळाले तर ठीकच आहे, पण माझे मत विचाराल तर आपल्या भागात त्यासाठी कोवळ्या मेथीइतका योग्य पाला नाही. झुणका-भाकरीबरोबर कच्ची मेथी आणि कांद्याची पात खाणाऱ्या माणसांना त्या किंचित कडू चवीची ओळख आधीपासून आहे, आणि भाजलेल्या भोपळ्या-रताळ्यांच्या गोडव्याला तोच कडूपणा हवा असतो. मेथीची फक्त पाने खुडून घ्यावीत, दोनदा धुवावीत आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडी करावीत.

भाज्या का भाजल्या जातात आणि का उकडल्या जातात

ओव्हन २०० अंशांवर असला तरी भाजीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर ती भाजी पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या पुढे तापत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. भाजीला तांबूस रंग आणि खरपूस वास येण्याची क्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजे ओली भाजी ओव्हनमध्ये ठेवली तर पहिली दहा-पंधरा मिनिटे नुसते पाणी उडवण्यातच जातात, आणि ट्रे गच्च भरलेला असेल तर ते पाणी वाफ होऊन शेजारच्या फोडींवर बसते व भाजी उकडून निघते. म्हणून चिरलेल्या फोडी कोरड्या कापडावर घ्याव्यात, वरून दुसऱ्या कापडाने टिपाव्यात आणि ट्रेमध्ये दोन फोडींमध्ये निदान बोटभर जागा सोडावी. ही जागा सोडण्याचा कंटाळा करू नये. जागा पुरत नसेल तर भाज्या दोन वेळा भाजाव्यात, पण ढीग लावू नये.

बीट, गाजर आणि रताळी साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडींत चिरावीत. भोपळा त्याहून थोडा मोठा, साल ठेवून चिरावा; साल पातळ असेल तर भाजल्यावर ती खाता येते आणि फोड मोडत नाही. कांद्याचे देठाकडून सहा भाग करावेत, देठ काढू नये, म्हणजे पाकळ्या एकत्र राहतात.

एकूण भाज्यांना तीन मोठे चमचे तेल पुरते. प्रत्येक भाजी वेगळ्या वाडग्यात घेऊन हाताने तेल चोळावे, जेणेकरून प्रत्येक फोडीच्या सर्व बाजूंना पातळ थर बसेल. मीठ मात्र ट्रे ओव्हनमध्ये सरकवण्याच्या क्षणी भुरभुरावे. तेल-मीठ लावून भाजी ओट्यावर पंधरा मिनिटे राहिली तर तिला पाणी सुटते आणि कापडाने टिपण्याचे सगळे श्रम वाया जातात.

प्रत्येक भाजीची वेळ

ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापवून ठेवावा. घरगुती ओटीजीमध्ये ट्रे मधल्या खणात ठेवून वर-खाली दोन्ही सळ्या चालू ठेवाव्यात. बिटाला सर्वांत जास्त वेळ लागतो, सुमारे ४० मिनिटे, म्हणून ते आधी आणि एकटे ठेवावे. बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे तो शेजारच्या प्रत्येक ओल्या फोडीला लागतो. गाजर-भोपळ्याचा केशरी रंग तेलात विरघळणारा असल्याने त्याचा असा पसारा होत नाही. एकाच ट्रेमध्ये भागवायचे असेल तर बिटाच्या फोडी फॉइलच्या उघड्या द्रोणात ठेवून तो द्रोण कोपऱ्यात ठेवावा.

गाजर आणि रताळी साधारण ३० मिनिटे, भोपळा २५ मिनिटे, कांदा २० ते २५ मिनिटे आणि मिरचीचे रुंद काप १८ ते २० मिनिटे घेतात. अर्ध्या वेळेनंतर एकदाच उलथन्याने फोडी उलटाव्यात. वारंवार हलवले तर खालची बाजू तांबूस होण्याआधीच सुटते. रताळ्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यातल्या पिठूळपणाचे साखरेत रूपांतर साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात होते, त्यामुळे रताळे त्या टप्प्यातून जितके सावकाश जाईल तितके गोड लागते. रताळी जास्त गोड हवी असतील तर ती थंड ओव्हनमध्येच ठेवून मग ओव्हन सुरू करावा आणि वेळ दहा मिनिटांनी वाढवावी.

घड्याळापेक्षा कानावर आणि डोळ्यांवर अधिक विसंबावे. सुरुवातीला ट्रेमधून चरचर असा आवाज येतो, तो पाणी उडण्याचा असतो. तो आवाज मंद होत जातो, फोडींच्या कडा आत ओढल्यासारख्या होतात आणि भोपळ्याच्या कोपऱ्यांवर काकवीच्या रंगाचे ठिपके उठतात. फोड बोटांनी दाबली तर आत मऊ पण वरून कोरडी लागली पाहिजे. हे ठिपके दिसण्याआधी ट्रे काढला तर भाजी शिजलेली असते, भाजलेली नसते.

घरची चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, या सॅलडमध्ये घालायचा मोह कोल्हापुरात कोणालाही होईल आणि तो योग्यच आहे. परंतु तो तेलाबरोबर सुरुवातीला लावू नये. त्या मसाल्यातला कांदा, लसूण, खोबरे आणि मिरची आधीच भाजलेली असते आणि २०० अंशांवर काही मिनिटांतच करपून कडू होते. शेवटची चार-पाच मिनिटे उरली असताना अर्धा चमचा मसाला एक चमचा तेलात कालवून फक्त कांद्यावर आणि भोपळ्यावर लावावा. बिटाला तो लावू नये, बिटाची मातकट गोडी त्याखाली दबते.

भाजून झालेल्या भाज्या ट्रेवरच पसरून निवू द्याव्यात. गरम फोडी भांड्यात एकावर एक घातल्या आणि झाकण ठेवले तर पुन्हा वाफ धरते. कोमट झाल्यावरच त्या एकत्र कराव्यात.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाचा लोखंडी तवा ओव्हनचे बरेचसे काम करतो, फक्त फोडींऐवजी एक सेंटिमीटर जाडीचे काप करावे लागतात. तवा चांगला तापवून, तेलाचा हात लावून भोपळ्याचे आणि रताळ्याचे काप मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला पाच-सहा मिनिटे ठेवावेत आणि झाकण ठेवू नये. बीट आणि गाजर आधी कुकरमध्ये एक शिटी करून, पुसून, मग तव्यावर खरपूस करावीत. ढोबळी मिरची मात्र भरताच्या वांग्यासारखी थेट गॅसच्या ज्योतीवर भाजावी आणि साल काळी पडली की झाकलेल्या भांड्यात दहा मिनिटे ठेवून साल बोटांनी काढावी. साल काढताना मिरची नळाखाली धरण्याची सवय अनेकांना असते. त्याने साल लवकर निघते खरी, पण धुराची सगळी चव पाण्याबरोबर वाहून जाते.

चीज

या प्रकारच्या सॅलडमध्ये मूळचे चीज असते ते फेटा. ते ग्रीसमध्ये मेंढीच्या दुधाचे, किंवा त्यात काही भाग शेळीचे दूध घालून करतात, आणि मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्याचा खारटपणा आणि भुसभुशीतपणा हेच त्याचे काम असते. गोड झालेल्या भाज्यांमध्ये मध्येच खारट घास यावा, यासाठी ते घालतात. डब्यातले प्रक्रिया केलेले चीज हे काम करत नाही, कारण ते कोमट भाजीवर मऊ होऊन चिकटते. त्यापेक्षा म्हशीच्या दुधाचे घरचे पनीर मिठाच्या पाण्यात मुरवून वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या या गावात चांगल्या दुधाची वानवा नाही.

एक लीटर म्हशीचे दूध उकळी आणून गॅस बंद करावा, दोन मिनिटे थांबावे आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालत हलक्या हाताने ढवळावे. हिरवट पाणी वेगळे दिसू लागले की लिंबू घालणे थांबवावे, नाहीतर पनीर रबरासारखे होते. पंचात ओतून, एकदा थंड पाण्याने धुऊन, पुरचुंडी बांधून दोन-अडीच किलो वजनाखाली तासभर ठेवावी. पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम पनीर निघते. मग अर्धा लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात २५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पनीरचे मोठे तुकडे बुडवावेत आणि सहा ते आठ तास फ्रीजमध्ये ठेवावेत. त्यात दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि चार मिरे टाकले तर चव आणखी खुलते. रात्री पनीर पाण्यात ठेवले की दुसऱ्या दिवशी दुपारी वापरायला तयार असते. बाहेर काढून कापडाने घट्ट टिपावे आणि सुरीने न कापता बोटांनी ओबडधोबड कुस्करावे, कारण खडबडीत कडांवर रस आणि मिरपूड धरून राहते.

फळे आणि सुकामेवा

फळे दोनच घ्यावीत, एक आंबटगोड आणि एक गोड. तीन-चार फळे घातली की ते फ्रूट सॅलड होऊन बसते. डाळिंबाचे दाणे बहुतेक वेळा माझी पहिली पसंती असतात, कारण प्रत्येक दाण्याला स्वतःची साल असते आणि चावेपर्यंत त्याचे पाणी बाहेर येत नाही. संत्रे घालायचे असेल तर फोडींवरचा पांढरा पापुद्रा काढून त्या अगदी शेवटी घालाव्यात. जानेवारी ते एप्रिल तासगावकडची द्राक्षे येतात, ती अख्खीच घालावीत, उभी चिरू नयेत. द्राक्षांचा हंगाम नसेल तेव्हा तिकडचेच बेदाणे एक मोठा चमचाभर लिंबाच्या रसात पंधरा मिनिटे फुगवून वापरावेत. पेरू घालायचा तर पिकत आलेला पण कडक असा, बिया काढून घालावा.

चंदगड-आजऱ्याकडचा काजू, अक्रोड आणि शेंगदाणे यांतले कोणतेही दोन, मिळून पाऊण वाटी पुरे. ते जाड कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटे भाजावेत आणि अपेक्षित रंगाच्या थोडे अलीकडे असतानाच ताटलीत काढावेत, कारण आतल्या तेलाच्या उष्णतेने ते गॅस बंद केल्यावरही भाजत राहतात. दाणे वाढण्याच्या क्षणापर्यंत वेगळे ठेवावेत. पंक्तीत कोणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी नाही ना, हे मात्र आधी विचारून घ्यावे आणि शंका असेल तर सुकामेवा स्वतंत्र वाटीत मांडावा.

वरून घालायचा रस

बाजारात बाटलीबंद मोहरीची पेस्ट मिळते, पण आपल्या स्वयंपाकघरात लोणच्यासाठी मोहरी फेसण्याची जी रीत आहे, तीच इथे जास्त उपयोगी पडते. एक छोटा चमचा मोहरी खलबत्त्यात बारीक कुटून त्यात दोन चमचे साधे पाणी घालावे आणि नाकात झणका येईपर्यंत फेसावे. मोहरीचा तिखटपणा कुटलेल्या मोहरीला पाणी लागल्यावरच तयार होतो आणि आंबट पदार्थ घातला की तो वाढायचा थांबतो. म्हणून आधी पाणी, मग दहा मिनिटे थांबणे आणि त्यानंतर लिंबू, हा क्रम बदलू नये.

त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा काकवी, पाव चमचा मीठ, ताजी मिरपूड आणि भाजून कुटलेले थोडे जिरे घालावे. शेवटी तीन मोठे चमचे घाण्याचे शेंगदाणा तेल बारीक धारेने सोडत चमच्याने सतत फेटावे. मोहरीच्या सालीतला चिकटपणा तेल आणि आंबट रस यांना धरून ठेवतो, आणि मिश्रण दाटसर व फिकट पिवळे होते. ते लगेच फुटून तेल वर आले तर तेल भरभर पडले असे समजावे आणि अर्धा चमचा पाणी घालून पुन्हा फेटावे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तो सगळीकडे पोहोचला, काकवी मात्र आजही दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की ओळखीच्या गुऱ्हाळावरून बाटली भरून आणण्याची वस्तू आहे. काहिलीत आटणाऱ्या रसाचा गूळ होण्याच्या अलीकडे ती उतरवलेली असते, त्यामुळे तिच्यात गोडीबरोबर किंचित खारट, धुरकट चव असते. ती मधात नाही. काकवी नसेल तेव्हा किसलेला गूळ लिंबाच्या रसात विरघळवून गाळून घ्यावा.

मांडणी

मोठी पसरट परात किंवा ताट घ्यावे, खोल वाडगा नको. वाडग्यात खालच्या भाज्या वरच्यांच्या वजनाने दबतात आणि खाणाऱ्याला रंगही दिसत नाहीत. मेथीची पाने पसरून त्यांवर चमचाभर रस शिंपडावा. नंतर बीट सोडून बाकीच्या भाज्या वेगळ्या भांड्यात निम्म्या रसात दोन्ही हातांनी हलकेच खालीवर करून पानांवर पसराव्यात. बिटाला त्याच भांड्यात, उरलेल्या थोड्या रसात वेगळे घोळवून मग जागोजागी ठेवावे, म्हणजे गाजर केशरी आणि भोपळा पिवळसरच राहतो. त्यावर पनीर, त्यावर फळे आणि सर्वांत वर सुकामेवा. उरलेला रस वाटीत बाजूला ठेवावा. पनीर खारट असल्यामुळे वरून मीठ घालण्याआधी एक घास खाऊन पाहावा. बहुतेक वेळा ते लागत नाही.

मांडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सॅलड संपवावे. पाहुणे उशिरा येणार असतील तर मांडूनच ठेवू नये. भाजलेल्या भाज्या निवल्यावर दोन तासांच्या आत झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवल्या तर दोन दिवस चांगल्या राहतात, मात्र बिटाचा डबा वेगळा हवा. वाढण्याच्या तासभर आधी त्या बाहेर काढून ठेवाव्यात, किंवा तव्यावर दोन मिनिटे कोरड्याच परताव्यात, कारण थंडगार भोपळ्याला चव राहत नाही. पनीर मिठाच्या पाण्यातच चार दिवस टिकते, आणि रसाची बाटली वापरण्याआधी जोरात हलवली की पुरे. भाज्या उरल्याच तर दुसऱ्या दिवशी त्या हाताने कुस्करून, त्यात कच्चा कांदा, कोथिंबीर आणि उरलेला रस घालून गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढाव्यात.